निळी पट्टी, पिवळी पट्टी

बेंगळुरू
८ एप्रिल २०२५

प्रिय ताई,
जयभीम.

खोकं उघडायच्या आधी हे पत्र पुरतं वाच. तुला घाई असते म्हणून सांगतोय.

एक दिवसाआड फोन करणारा हा पोरगा एकदम पत्र कशाला लिहायला लागला, असं तुला वाटेल. त्याला दोन कारणं आहेत. खोक्यात दोन हेडफोन आहेत आणि ते अजून बाजारात आलेले नाहीत. बाजारात न आलेल्या मालाबद्दल मोबाइलवरून एक अक्षर जरी बाहेर गेलं, तरी आमच्याकडे नोकरी जाते. घरी पाठवायची परवानगी सुदर्शन सरांनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, याच अटीवर दिली की फोटो नाही, मेसेज नाही, जे काय सांगायचं ते कागदावर. दुसरं कारण तू आहेस. फोनवर माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून तू माझ्या पोटातलं ओळखतेस. या वेळी तू काही ओळखायचं नाही, यावरच सगळं अवलंबून आहे.

दोन्ही हेडफोन बाहेरून अगदी सारखे आहेत. फरक आत आहे. गाण्यात ठेका किती पुढे यावा, गळा किती, झांजेची किणकिण किती, ही जी आवाजाची घडण असते, ती एकात सरांची आहे आणि एकात माझी. सर म्हणतात, एवढी किंमत मोजणाऱ्या माणसाला ठेका अंगावर यायला हवा. मी म्हणतो, त्याला गाणारा माणूस समोर बसल्यासारखा वाटायला हवा. गेलं वर्षभर मी दुसरं काही केलेलं नाही. मे महिन्याच्या शेवटी बैठक आहे आणि दोघांपैकी एकच घडण कारखान्यात जाणार.

ऑफिसातल्या सगळ्यांना कोणाचं काय ते माहीत आहे, त्यामुळे त्यांच्या मताला अर्थ नाही. मी सरांना छाती ठोकून सांगितलं, माझ्या घरी पाठवतो. माझ्या घरची माणसं खोटं बोलत नाहीत. त्यांनी तुमचा निवडला तर मी माझा परत घेईन. सर हसले, पण हो म्हणाले.

ओळखायला एकावर निळी पट्टी आहे आणि एकावर पिवळी. सोबतच्या छोट्या प्लेअरवर गाणी भरलेली आहेत. त्याच्या आवाजाच्या बटणाला कोणी हात लावायचा नाही, कारण दोन्हींचा आवाज मी मोजून सारखा केलाय. जरासा मोठा आवाज माणसाला आपोआप गोड लागतो, आणि मग निवड कानाची राहत नाही. एकेकाला वेगळं बसव आणि ऐकण्याआधी आपसात चर्चा होऊ देऊ नकोस. परीक्षा कशी घ्यायची ते फुलंब्रीच्या मुख्याध्यापिकेला मी काय सांगणार!

बाबांना बसवायचं की नाही ते तू ठरव. दहावीत मी केलेला अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी गल्लीभर पोरांसमोर एकदा ऐकला आणि 'खरखर येतीय, रिजेक्ट' म्हणून आत निघून गेले होते. सरकारी परीक्षा सोडून मी या कामात आलो, तेव्हा 'कानाला लावायच्या खेळण्यासाठी इंजिनिअर झालास का' म्हणाले. तेव्हापासून आमचं बोलणं तब्येत आणि नळाचं पाणी यांच्यापुढे जात नाही. ते काय म्हणतील हे मला ऐकायच्या आधीच माहीत आहे.

तुझा,
राजकुमार


छत्रपती संभाजीनगर
२१ एप्रिल २०२५

प्रिय राजू,
जयभीम आणि अभिनंदन! कशाबद्दल ते ओळखायचं नाही, असा तुझाच नियम आहे. म्हणून नुसतंच अभिनंदन.

खोकं वेळेवर आलं. पण जयंतीच्या आधी बसलो असतो तर गल्लीतल्या डीजेनंच निकाल लावून टाकला असता. म्हणून काल, रविवारी, आईकडं मधल्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. तुझ्या ताईनं केंद्र कसं चालवलं ते ऐक. पंखा बंद. खिडकी बंद. फ्रिज घरघरतो म्हणून त्याचासुद्धा प्लग काढला. आई म्हणाली, "गाणं ऐकायचंय का कोणाचं ऑपरेशन करायचंय?" एकेक जण आत जायचा, मी समोर बसायची, तीच तीन गाणी आधी एका हेडफोनवर आणि मग दुसऱ्यावर. बटणाला कोणाचं बोट लागू दिलं नाही. आपल्या रूपाचा हात जरा वळवळला, तर तिच्या हातावर पट्टी मारली. धाकटी बहीण असली म्हणून काय झालं, कॉलेजात जाते आता.

आता निकाल. आई, निळा. म्हणाली, "ढोलकी पार छातीत वाजती, आन् कानाला मऊ लागतंय." रूपा, निळा. तिनं बरेच इंग्रजी शब्द वापरले, ते मी लिहीत नाही. तुझे दाजी पिवळा काढून ठेवत म्हणाले, "ह्यो जरा कोरडा हाय. भाकरीवर तेल नसल्यावानी." म्हणजे तेही निळे. शेजारच्या चंपामावशीला आम्ही बोलावलं नव्हतं, पण त्यांना कोण अडवणार? पिवळ्यात कानात पाणी गेल्यासारखं होतं, असं त्यांचं मत पडलं. आणि मी स्वतः, निळा.

एकमत, राजू! आपल्या घरात भाजी कोणती करायची यावरसुद्धा कधी एकमत झालेलं तुला आठवतं का? काल झालं. तुझ्या साहेबांना खुशाल सांग, संभाजीनगरच्या लोकांचा कान पक्का आहे.

बाबांना काल क्रांती चौकात कोणाकडं तरी जायचं होतं, त्यामुळं ते बसले नाहीत. त्याचं तू मनावर घेऊ नकोस.

खोकं परत पाठवू की राहू देऊ ते कळव.

तुझी,
सुलेखाताई


बेंगळुरू
२८ एप्रिल २०२५

प्रिय ताई,
जयभीम.

पत्र मिळालं. इतक्या शिस्तीत कोणी करणार नाही, हे मला माहीत होतं. निकाल स्वच्छ आहे, त्यात शंकेला जागा नाही. शब्द दिला होता त्याप्रमाणे मी सरांना कळवून टाकलं. बैठकीची वाट बघायची आता गरज उरलेली नाही.

खोकं तूर्त तिथंच राहू दे. सध्या जरा काम आहे, फोन कमी होईल. आईला सांग, जेवण वेळेवर चाललंय.

राजकुमार


छत्रपती संभाजीनगर
३ मे २०२५

प्रिय राजू,
जयभीम.

साहेब झालास म्हणून एवढं तुटक लिहायचं का रे? चार ओळींचं पत्र. बरं, मोठ्या कामाची माणसं अशीच असतात म्हणून सोडून दिलं.

बैठकीच्या आधीच निकाल लागला हे वाचून आईनं पेढे आणले. कशाचे ते कोणाला सांगितलं नाही, तुझी नोकरी आम्हालाही प्यारी आहे. 'राजूचं ऑफिसात चांगलं झालं' एवढंच बोललो. चंपामावशीनं दोन पेढे घेतले आणि 'मी निळाच म्हनले व्हते' असं तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. रूपा आता कोणाच्याही कानात हेडफोन दिसला की थांबून त्याची घडण तपासते. दाजींनी तर तुझा पहिला माल बाजारात आला की गल्लीत बॅनर लावायचा असं ठरवून टाकलंय, फोटो कोणता घ्यायचा तेवढं विचारतात.

तू घरातून गेलास तेव्हा मला वाटलं होतं, तिथं एवढ्या मोठ्या मोठ्या लोकांत याचं कोण ऐकणार? आता ऐकतील. आपल्या निळ्याचा आवाज सगळीकडं जाईल. मला तुझा किती अभिमान वाटतो ते मी तोंडावर कधी सांगणार नाही, म्हणून इथं लिहिते. लई वाटतो.

सुट्टी मिळाली की ये. तुझ्या आवडीची येसर आमटी करते.

तुझी,
ताई


बेंगळुरू
९ मे २०२५

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून गप्प बसता येईना. निळा माझा नव्हता. पिवळा माझा होता.

तुम्ही कोणी वाईट वाटून घेऊ नका. मी मत मागितलं, तुम्ही खरं मत दिलंत, यात तुमची चूक काही नाही. उलट मी सगळ्या ऑफिससमोर म्हटलं होतं की माझ्या घरची माणसं खोटं बोलत नाहीत, आणि तुम्ही ते सिद्ध केलंत. ज्या आवाजासाठी मी वर्ष घातलं तो माझ्या आईलाच नको असेल, तर तो मी कोणाच्या गळ्यात मारायचा? म्हणून माझा मागे घेतला. सर म्हणाले, घाई करू नकोस, बैठक होऊ दे. मी ऐकलं नाही. दिलेला शब्द मोडायची मला सवय नाही.

मी खचलोय असं समजू नकोस. काम मला येतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा करीन. फक्त पिवळ्यातली ती एकटी गाणारी बाई, जी पेटी-ढोलकीवर गाते, ती मला दोन्ही कानांच्या मधोमध, हातभर अंतरावर बसलेली ऐकू यायची. तिला तिथं बसवायला मला सात-आठ महिने लागले होते. तुम्हा पाचांपैकी एकालाही ती दिसली नाही, एवढं मात्र लागलं. खोटं कशाला सांगू, खूप लागलं.

बाबा त्या दिवशी बसले नाहीत तेच बरं झालं. तुमचं सगळ्यांचं मी पचवलं. त्यांचं आणखी एकदा 'रिजेक्ट' मला पचलं नसतं.

राजकुमार


छत्रपती संभाजीनगर
१३ मे २०२५

प्रिय राजू,

काल फोनवर मी तुला फक्त 'माघार घेऊ नकोस, निर्णय थांबव' एवढंच सांगितलं आणि तू 'का' म्हणालास तर फोन ठेवला. का, ते आता सगळं लिहिते. वाचून शिव्या घाल, पण शेवटपर्यंत वाच.

मी घेतलेल्या परीक्षेत सामूहिक कॉपी झाली. केंद्रप्रमुखासकट.

खोकं उघडलं तेव्हा रूपा शेजारीच होती. निळी पट्टी बघितली आणि टाळी वाजवून ओरडली, "ह्यो दादाचा! दुसरा कोणता असंल?" आई म्हणाली, "व्हय की, त्यानं बरोबर खूण केली बघ." बाहेर गल्लीत जयंतीच्या पताका अजून तशाच होत्या. निळा म्हणजे आपला, यात विचार करण्यासारखं काही आहे असं कोणाच्या डोक्यातच आलं नाही. तू लिहिलं होतंस, काही ओळखायचं नाही. आम्हाला वाटलं, ते तू साहेबाला दाखवायला लिहिलंस आणि आम्हाला पट्टीतून सांगितलंस. दाजींना स्वयंपाकघरातच कळलं. चंपामावशीला आईनं ओट्यावर सांगितलं. आत जाऊन बसणारा प्रत्येक जण निकाल खिशात घालूनच जात होता.

पिवळ्याला नावं ठेवायला तर चढाओढ लागली होती. तो परक्या साहेबाचा ना! भाकरीवरचं तेल, कानातलं पाणी, सगळं तेव्हाच रचलेलं.

आता माझं सांगते. मी तुझ्या त्या बाईला ऐकलं, राजू. पिवळ्यावर. ओळ सुरू व्हायच्या आधी ती श्वास घेते, तो माझ्या गालाजवळ घेतल्यासारखा वाटला आणि मी दचकून मागं बघितलं. निळ्यात ती कुठंतरी ढोलकीच्या मागं होती. हे मला स्वच्छ कळलं. आणि तरी मी निळा सांगितला. वाटलं, माझ्या एका मतानं माझ्या भावाचं नुकसान कशाला? शाळेत मी मुलांना सांगत असते, शेजारच्याच्या पेपरात बघू नका, आपल्याला येतं ते लिहा. आणि मी स्वतः काय केलं?

अजून एक आहे, आणि तेच मोठं आहे. बाबांना क्रांती चौकात कुठंही जायचं नव्हतं. ते खोटं मी लिहिलं. बाबा बसले होते.

ते सगळ्यांच्या शेवटी आत आले. खुर्चीवर बसतायत तोच दाजी दारातून म्हणाले, "मामा, निळा आपला हाय बरं का." बाबा असे भडकले! म्हणाले, "मला कशाला सांगता कोणाचा हाय त्यो? चितेगावला कंपनीत लाईनीवर माल तपासण्यात एवढी वर्षं काढली म्या. पीस कोणाच्या मशीनचा हे इन्स्पेक्टरनं इचारायचं नसतं." पण सांगायचं ते सांगून झालं होतं. त्यांच्या कानावर पडलंच होतं.

मग ते डोळे मिटून बसले. निळा ऐकला, पिवळा ऐकला, परत निळा, परत पिवळा. बाकीचे तीन गाणी झाली की लगेच उठले होते. बाबांनी आईचा चहा दोनदा गार केला. शेवटी दोन्ही समोर ठेवले आणि म्हणाले, "पिवळा."

पुढं म्हणाले, "निळ्यात ढोलकी बाईच्या अंगावर बसलीय. पिवळ्यात बाई म्होरं बसून गाती. पर तिचा 'स' आन् 'श' टोचतो कानाला. तेवढं घासून घ्यावं लागंल." आई एवढी चिडली! "पोराच्या एवढ्या मोठ्या कामात बी तुम्हाला खोटच काढायची व्हय? एक डाव तरी त्याच्या बाजूनं बोला." बाबा चपला घालून बाहेर गेले. संध्याकाळी आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "राजूला माझं बी कळव. वाईट वाटंल त्याला, पर कळव. तपासणी लपवायची नसती."

मी लपवली. मला वाटलं, ते नेहमीसारखं तुझ्या विरुद्ध बोलले. तुला पुन्हा एकदा ते वाचायला नको, म्हणून मी त्यांचं नावच काढून टाकलं. ते एकटेच खरं बोलले होते आणि मी नेमकं तेवढंच गाळलं.

तुझं नऊ तारखेचं पत्र काल आलं आणि मी ते सगळ्यांसमोर वाचलं. आईनं पदर तोंडाला लावला. रूपा उठून गच्चीवर गेली. बाबांनी 'पिवळा माझा होता' हे वाक्य मला परत वाचायला लावलं. मग एकदम रागानं म्हणाले, "मग त्यानं मागं घेतलाच कसा? पास झालेला पीस कोणी मागं घेतं व्हय?"

राजू, माझं चुकलं. तू मला काय म्हणायचं ते म्हण. पण तुझा आवाज मागं ठेवू नकोस.

सुलेखा


बेंगळुरू
२६ मे २०२५

प्रिय ताई,
जयभीम.

तुला शिव्या घालायला बसलो होतो. दोन ओळी लिहिल्याही. मग 'दचकून मागं बघितलं' हे परत वाचलं आणि त्या ओळी फाडल्या. तेवढ्यासाठीच तर सगळं केलं होतं मी.

पट्ट्यांचं ऐकशील तर कपाळाला हात लावशील. लॅबमधल्या बाईंनी ड्रॉवरमध्ये हाताला लागल्या त्या दोन पट्ट्या लावल्या. त्या खोक्यात घालताना माझ्या हातात होत्या, तरी मला सुचलं नाही. आपल्या घरात, एप्रिल महिन्यात, निळी पट्टी पाठवायची आणि वर 'काही ओळखू नका' म्हणायचं! इतकी वर्षं बाहेर राहून मी असा बथ्थड झालोय. तेव्हा निम्मा दोष माझ्याकडे घेतो. उरलेला निम्मा तू आणि चंपामावशी वाटून घ्या.

आता बाबांचं. तुझं पत्र मी कॅन्टीनबाहेर उभा राहून वाचत होतो. त्या पानापर्यंत आलो आणि ते पान परत पहिल्यापासून वाचलं. त्यांना वाटत होतं निळा माझा आहे. म्हणजे आपण आपल्याच पोराला नापास करतोय असं समजून त्यांनी पिवळा म्हटलं. सगळं घर एका बाजूला असताना म्हटलं. मी रडलो, ताई. मला त्याची लाज वाटत नाही. पंधरा वर्षं मी समजत होतो की त्यांना माझ्यात फक्त खोट दिसते. ते प्रत्येकाच्या मालाकडे तसंच बघतात, हे मला आत्ता कळलं.

तसाच सुदर्शन सरांकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. निळ्याचं सांगितलं तेव्हा त्यांना खुर्चीत बसवेना, इतके हसले. मग एकदम गंभीर झाले. म्हणाले, "पाच मतं कचऱ्यात टाक. उरलं एक. त्या माणसाला 'स' टोचला असं तू म्हणालास?" ताई, तो दोष खरा आहे. मशीनवर मोजलं की आलेखात तिथं छोटा उंचवटा दिसतो. मला तो माहीत होता. बाईचा आवाज जवळ आणायच्या नादात मी तो तसाच ठेवला होता आणि कोणाच्या लक्षात येणार नाही, असं धरून चाललो होतो.

सर म्हणाले, बैठक महिनाभर पुढे ढकलतो. तो उंचवटा काढ, मग परक्या माणसांना ऐकवू. पट्टी नाही, नाव नाही. वर म्हणाले, माझा हरला तर मला आनंद होणार नाही, पण मी भांडणारही नाही. असा साहेब मिळायला नशीब लागतं.

कामाला लागलोय. बाबांना अजून काही सांगू नकोस. मी स्वतः लिहीन.

आईला सांग, पेढे फुकट गेले नाहीत.

तुझा,
राजू


बेंगळुरू
३० जुलै २०२५

तीर्थरूप बाबांना,
सविनय जयभीम.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितोय, तेव्हा चूकभूल माफ करा.

तुम्ही सांगितलेला दोष काढला. सोपं नव्हतं. 'स' मऊ करायला गेलं की बाई मागे सरकायची आणि तिला पुढे आणलं की 'स' टोचायचा. शेवटी कानावर बसणाऱ्या गादीचं आतलं कापड बदललं, तेव्हा जमलं. मग परक्या माणसांना बसवलं. कोणी दुकानदार, कोणी शिक्षक, एक रिक्षावाले, एक गाणं शिकवणाऱ्या बाई. सांगायला आनंद वाटतो की बहुतेकांनी माझा निवडला. सरांनी स्वतः उठून हात मिळवला. पुढच्या महिन्यात तो कारखान्यात जाईल.

बाबा, एक सांगायचं होतं. घरातले सगळे माझ्या प्रेमापोटी बोलले. त्यांचं प्रेम मला हवंच आहे. पण त्या प्रेमानं माझं काम जवळजवळ बुडालं होतं, आणि ते वाचलं तुमच्या मतानं. तुम्ही मला कधी खोटं शाबासकीचं बोलला नाहीत, याचा मला लहानपणापासून राग होता. तो आता नाही. जगात निदान एक माणूस असा आहे की ज्याच्याकडून मला फुकटचा होकार मिळणार नाही, आणि तो माझा बाप आहे, याचा मला मोठा आधार वाटतो.

सोबत तयार झालेला पहिला नग पाठवतोय. याच्यावर कसलीही पट्टी नाही. मोबाइलची अट आता उठली आहे, फोनवर सांगितलं तरी चालेल. कारखान्यात काम सुरू व्हायच्या आधी तुम्ही एकदा तपासून द्यावा, अशी माझी इच्छा आहे. काही खोट दिसली तर बिनधास्त सांगा. तुम्ही ओके म्हणालात की मी निश्चिंत होईन.

आपला,
राजकुमार


छत्रपती संभाजीनगर
१० ऑगस्ट २०२५

चि. राजकुमार यास,
जयभीम. मंगलकामना.

पीस मिळाला. खोक्याचा एक कोपरा दबला आहे, आतल्या मालाला काही झालं नाही. फोन करणार होतो पर फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितो. ड्युटीवर मी दोनच शब्द लिहायचो, ओके नाहीतर रिजेक्ट. त्याच्यापुढं लिहायची सवय नाही.

तू तपासायला पाठवलंस म्हणून मी रीतसर बसलो. पण तपासणी झाली नाही. का झाली नाही ते सांगतो.

आमच्या कंपनीत एक नियम होता. ज्याचं नात्यातलं माणूस मशीनवर आहे, त्यानं त्या मशीनचा माल तपासायचा नाही. तुझा पुंडलिक मावसा माझ्याच खात्यात होता. त्याचा पीस मी कधी हातात धरला नाही. लोक म्हणायचे बन्सी लई ताठ आहे. ताठपणाचा प्रश्न नव्हता. मी धरला असता तर मला तो चांगलाच दिसला असता, हे मला ठाऊक होतं.

एप्रिलात जावयानं कानावर घातलं की निळा तुझा. तेव्हा निळा खाली ठेवताना मला फार जड गेलं. वाटलं, पोराचाच माल बाजूला काढतोय. परत-परत ऐकला, की कुठं तरी तो बरा वाटेल. नाही वाटला. म्हणून काढला. ते तुला सुलेखानं सांगितलं असंल.

या वेळी मला माहीत होतं की हा तुझा आहे. मी खुर्चीवर बसलो, 'स' बघायचा म्हणून गाणं लावलं. बाई गायला लागली. पण मला 'स' ऐकू येईना आणि बाई पण ऐकू येईना. हे माझ्या राजूनं केलंय, एवढंच ऐकू येत होतं. परत पहिल्यापासून लावलं. परत तेच. तुझी आई म्हणाली, आता तिसऱ्यांदा कशाला? तरी बसलो. तिसऱ्यांदा तर गाणं सुरू व्हायच्या आधीच मी ओके म्हणून मोकळा झालो. ती हसायला लागली.

म्हणून कळवतो की इथून पुढं तुझा माल माझ्याकडं तपासायला पाठवायचा नाही. मी त्या कामातून बाद झालो. तुला माझ्या नकाराचा आधार होता असं तू लिहिलंस, तो आता माझ्याजवळ राहिला नाही. दुसरा कोणी परका, खडूस माणूस शोध आणि त्याचं ऐकत जा.

हा पीस मी परत पाठवणार नाही. तो मी वापरायला काढला आहे.

तुझा बाप,
बन्सी